पंपरूमच्या भिंतीतले रातकिडे

नर रातकिडा पंखावर पंख घासून आवाज काढतो आणि तो ऐकून मादी त्याच्याकडे चालत येते, एवढं शाळेच्या पुस्तकातही असतं. त्यापुढचा प्रश्न पुस्तकात नसतो. नुसत्या आवाजावरून तिला नराची खरी पारख होते का? की आवाज खणखणीत आणि आत आनंदीआनंद? या एका प्रश्नापायी मी तीन वर्षं घालवली आणि माझं उत्तर चुकलं. ते फक्त किड्यांपुरतं चुकलं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो. मुळात मला लिहायचा कंटाळा आहे.

आम्ही परळहून मीरा रोडला राहायला आलो ते अठ्ठ्याऐंशी साली. परळला चौघांत एक खोली होती. इथे एक खोली, स्वयंपाकघर आणि शिवाय गॅलरी. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते आणि आल्यागेल्याला ते आधी गॅलरी दाखवायचे. भिंती वाढल्या तरी घरातलं बोलणं मात्र पूर्वीसारखंच सगळ्यांना ऐकू जायचं. आई ओट्याशी पुटपुटली तरी बाबा पलंगावरून उत्तर द्यायचे. मी आणि माझ्याहून सात वर्षांनी धाकटी बहीण, आम्हाला एकमेकांशी काही खासगी बोलायचं असेल तर दुधाच्या पिशव्या आणायचं निमित्त काढून खाली जावं लागे.

गॅलरीसमोर मोकळी जमीन होती. पूर्वी तिथे भात व्हायचा म्हणे. आमच्या वेळी तिथे एका बिल्डरची पाटी, दोन बाभळी आणि गुडघाभर गवत होतं. जमिनीच्या पलीकडे दुसऱ्या एका सोसायटीच्या दोन विंग होत्या आणि त्यांच्या कंपाउंडला लागून, गवतात पाठ घालून, त्यांची पंपरूम उभी होती.

मी तेव्हा शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे मुलांनी कापण्याआधी बेडूक ट्रेमध्ये टाचण्यांनी ठोकून ठेवणारा माणूस. पीएच.डी. झाल्याशिवाय लेक्चररची जागा मिळणार नव्हती आणि तिशी जवळ आली होती. माझे गाइड, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, त्यांनी विचारलं, "तुझ्या घरासमोर गवत आहे ना? मग रातकिडे घे. लांब जायला नको." माझा विषय असा ठरला. त्यात माझी आवड वगैरे काही नव्हती, पण पुढे मला ते किडे आवडायला लागले, हेही खरं.

पाऊस सरला की रोज कामावरून आल्यावर दिवेलागणीला मी खाली उतरायचो. कॉलेजातून मागून आणलेला टेपरेकॉर्डर खांद्याला, हातात माइक. बहीण बरोबर यायची, कारण वही धरायला मला तिसरा हात नव्हता. ती बी.कॉम. झाली होती, टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, नोकरी शोधत होती आणि दिवसभर त्या दोन खोल्यांत कंटाळायची. वाजणारा किडा आधी टेप करायचा, मग बिळात गवताची काडी घालून त्याला बाहेर काढायचं, औषधाच्या दुकानात असतो तसल्या छोट्या काट्यावर वजन करायचं, पाठीवर खुणेचा ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचं. ठिपक्याला तिचं नेलपॉलिश वापरायचो. "माझ्या नखांना उरत नाही आणि तुझे किडे नटून फिरतात," असं ती म्हणायची.

वही लांब, आडवी होती. रकाने मीच आखले होते. किड्याचा नंबर, वेळ, एका मिनिटात किती वेळा वाजला, न थांबता किती मिनिटं वाजला, हवेचं तापमान, वजन, आणि अगदी उजवीकडे शेरा. शेऱ्याचा रकाना सरांच्या जुन्या वहीत होता म्हणून मी घातला. त्यात काय लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून तो तिच्यावर सोडला. अंधार पडताना ती बॅटरीच्या उजेडात मान खाली घालून बरंच काही लिहीत असायची. मला वाटायचं वेळ जात नाही म्हणून नक्षी काढत असेल. नंतर घरी आकडे उतरवताना पट्टी नीट बसावी म्हणून मी पानाची उजवी कड मागे दुमडून घ्यायचो. शेरा तिकडेच राहायचा.

सगळ्यात चांगले गाणारे किडे पंपरूमच्या मागच्या भिंतीत होते. पायाशी तडे गेले होते, पाइपचा जोड ठिबकत असल्यानं जमीन ओलसर होती, आणि तिथल्या नळावर बायका भांडी विसळायच्या त्यामुळे भाताची शितं कायम पडलेली. तिथला एकेक नर असा वाजायचा की बाकीच्या गवतातले त्याच्यापुढे आजारी वाटावेत. अडचण फक्त मोटरच्या आवाजाची होती. त्या काळी मीरा रोडला पाणी ही रोजची कटकट. एक दिवसाआड यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं, बाकी सगळा टँकरवर हवाला. त्यांची जुनी मोटर दुपारपासून घरघरत असायची आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बंद व्हायची. ती बंद होईपर्यंत मी टेप चालू करत नसे. इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग कुणाकडे नसेल, याचा मला अभिमान होता. थर्मामीटर मी बाभळीच्या फांदीला टांगला होता, चार पावलांवर. नियमाप्रमाणे, हवेत, सावलीत.

याच पंपरूमपाशी, तिसऱ्या हंगामात, आम्हाला तो भेटला. त्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा मुलगा. औषधांच्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणून डॉक्टरांकडे फिरायचा. टाय सैल केलेला, हातात ती जाड काळी बॅग. कंपाउंडवरून वाकून म्हणाला, "सर, इथे कोण गातंय म्हणून रेकॉर्ड करताय? आम्हाला तर मोटरच ऐकू येते." मी सांगितलं. लोक सहसा हसायचे, तो हसला नाही. त्यानं विचारलं, "पण सर, एखादा किडा आत पोकळ असून नुसताच मोठ्यानं वाजत असेल तर?" माझ्या तीन वर्षांच्या कामात हा प्रश्न सरांखेरीज कुणी विचारला नव्हता. मी खूश झालो. दुसऱ्या दिवसापासून तो रोज यायचा. आमच्यासाठी वॉचमनला ओरडून मोटर दहा मिनिटं लवकर बंद करायला लावायचा, "अरे बंद कर ना, साहब का काम चालू है." बहिणीला किड्यांवरून चिडवायचा. ती परळ सोडल्यापासून इतकी हसलेली मी पाहिली नव्हती.

दिवाळीपर्यंत माझे आकडे बोलायला लागले. जो नर भराभर आणि न थांबता वाजतो तो वजनालाही भारी निघत होता. त्याचा अर्थ सरळ होता. गायला ताकद लागते, दुबळ्याला ती तास तास पुरत नाही, म्हणून आवाज ऐकून मादी फसत नाही. एका रात्री जेवताना मी हे घरात सांगितलं. बाबांनी विचारलं, "म्हणजे किडे थापा मारत नाहीत?"

"नाही बाबा. त्यांना झेपत नाही."

"माणसांपेक्षा बरे," आई म्हणाली आणि ताकाचं पातेलं पुढे सरकवलं.

दिवाळी झाली आणि सेक्रेटरी स्वतः आमच्या घरी आले. मुलाला आमची मुलगी पसंत आहे, पत्रिका वगैरे आम्ही मानत नाही, तुमचा विचार कळवा, असं सांगून गेले. बाबा त्यांना गॅलरी दाखवायलासुद्धा विसरले, इतके हरखले. घरात सगळ्यांना तो आवडलाच होता. राहिली ती चौकशी. लग्न ठरवण्याआधी मुलीकडच्या एखाद्यानं मुलाच्या बिल्डिंगमध्ये जायचं, आडून आडून शेजाऱ्यांना विचारायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. बाबांचे गुडघे दुखायचे. ते म्हणाले, "तू जा. तू संशोधक माणूस, तुझ्या नजरेतून सुटणार नाही." आईनं बहिणीला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "दादा सांगेल ते," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून पुन्हा घड्या घालायला लागली.

मी चौकशी अगदी मन लावून केली. एकदोघांना विचारून भागवलं नाही, चांगली दहा माणसं गाठली. सगळी एका ठिकाणी भेटावीत म्हणून पाण्याची वेळ धरली आणि पंपरूमपाशीच उभा राहिलो. हंडे, कळश्या, प्लास्टिकचे ड्रम घेऊन दोन्ही विंगमधल्या बायका, काही पुरुष वाट बघत होते. आज पाणी आधी कुठल्या विंगला सोडायचं आणि किती वेळ, हे सेक्रेटरी ठरवायचे. व्हॉल्व्हची चावी त्यांच्या नाहीतर त्यांच्या मुलाच्या हातात असायची. मी विचारत गेलो आणि सगळे तोंड भरून बोलत गेले. "चांगलाय हो मुलगा. सगळ्यांचं करतो." "बहुत सीधा लड़का है, भाईसाब." तळमजल्यावरच्या गुजराती काकूंनी तर माझा हात धरून सांगितलं, "एकदम डाह्यो छे. तुमी डोळे मिटून द्या." एकानंही वेडंवाकडं काही काढलं नाही. मी मनातल्या मनात दहाच्या दहा मोजले.

अकरावी होती जवळच्या मोरवा गावाहून पालेभाजी घेऊन येणारी मावशी. ती दोन्ही विंगमध्ये दारोदार फिरायची, आमच्याकडेही यायची. तिला त्या नळाचं पाणी लागत नव्हतं. फाटकाबाहेर तिनं टोपली डोक्यावर घेता घेता मला थांबवलं. "तुज्या भयनीचा हितं जमवतं का काय?"

"विचार चाललाय, मावशी."

"मंग आयक. त्यो पोरगा भायेर लय बोलतं. घरान त्याचा शबुद न्हाय. त्याची आय सोताशीच बोलत बसतं. मी रोज दारान उबी रातं, मना ठाव हाय."

मी हसून मान डोलावली. दहा एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, असा मी हिशेब घातला. तिच्याकडून कधी त्यांनी भाजी घेतली नसेल, राग असेल, असंही स्वतःला समजावलं. घरी जाऊन सांगितलं, माणसं चांगली आहेत, मुलगा चांगला आहे. आईनं देवापुढे साखर ठेवली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला साखरपुडा ठरला.

साखरपुड्याच्या साधारण आठवडाभर आधीची संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. मीरा रोडला कधी नव्हे ती थंडी पडली होती आणि खाडीवरून वारं येत होतं. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या, मी दिवसभर उभा होतो. गवतातले किडे थंडीनं गप्प झाले होते. भिंतीतला एकच तेवढा वाजत होता, आणि तोही ऑक्टोबरात वाजावा तसा भराभर. मोटर नुकतीच बंद झाली होती. पाय दुखत होते म्हणून मी भिंतीला पाठ टेकली.

भिंत गरम होती. सुखद गरम, स्वेटरमधून जाणवेल इतकी. दुपारभर पश्चिमेचं ऊन आणि आतून मोटरची धग. मी क्षणभर डोळे मिटले, इतकं बरं वाटलं. मग डोळे उघडले. रातकिडा अंगात ऊब असेल तसा वाजतो, ऊब वाढली की वेग वाढतो, हे मी स्वतः मुलांना शिकवत होतो. मी थर्मामीटर बाभळीवरून काढून भिंतीच्या तड्यात धरला आणि पारा चढताना बघत राहिलो. मोटर बंद होण्याची वाट बघून मी रोज नेमका भिंत सगळ्यात तापलेली असतानाच टेप करत होतो. ते नर भराभर वाजत होते कारण त्यांचं घर गरम होतं. वजनाला भारी होते कारण त्यांच्या दारात रोज भात पडत होता. त्यांच्या स्वतःच्या अंगचं त्यात किती, ते मला माहीतच नव्हतं.

बहीण शेजारी उभी राहून वहीत लिहीत होती. "काय झालं, दादा?"

"काही नाही. चल, थंडी आहे."

त्या आठवड्यात मी दुमडलेली वही घेऊन बसलो आणि भिंतीतले किडे वगळून पुन्हा आकडे मांडले. काही उरलं नाही. भारी किडा हळू वाजत होता, हलका भराभर, कसंही. आणि ते आकडे मांडतानाच मला चौकशी आठवली. मीही तिथेच, त्याच वेळी उभा राहून विचारलं होतं. हातात रिकामी कळशी घेऊन उभा असलेला माणूस चावीवाल्याच्या मुलाबद्दल दुसरं काय बोलणार? थंड जागी उभं राहून बोलणारी एकच होती, आणि तिला मी वगळलं होतं. मला हे तेव्हाच कळलं होतं, इतकी वर्षं मी ते लपवलं, आता लपवायचा कंटाळा आला.

सरांकडे गेलो. त्यांनी वही चाळली, चष्मा काढून डोळे चोळले. "भिंतीतले काढून टाक. पुढच्या हंगामात पुन्हा कर." पुन्हा एक पावसाळा, पुन्हा तीन महिने रोजचं गवत, पुन्हा बेडकांच्या टाचण्या. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "नाहीतर तुझी मर्जी. शेवटी प्रबंध तुझा आहे." मी भिंतीतले काढले नाहीत. पुढचा हंगामही केला नाही.

घरी तर बोलण्याची सोयच नव्हती. बाबा गॅलरीतून खालच्या माणसाला साखरपुड्याचं आमंत्रण देत होते. आई साड्या पलंगावर पसरून बसली होती. काय सांगणार होतो मी? मुलानं काही केलेलं नव्हतं. माझ्या हातात एका भाजीवालीचं बोलणं आणि एक गरम भिंत, एवढंच होतं. त्यावरून ठरलेलं मोडा म्हणायचं, मग आईचं रडणं, बाबांचे प्रश्न, नातेवाइकांची तोंडं. त्या सगळ्याचा नुसता विचार करूनच मी थकलो. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी जेवायला वाढताना बहिणीनं हळूच विचारलं, "दादा, तुला मला काही सांगायचंय का?"

"नाही गं," मी म्हणालो. "दमलोय फक्त." आणि आमटी ओरपत राहिलो.

बहिणीचं लग्न झालं. प्रबंध पास झाला. किड्यांच्या हाका नराची खरी प्रत सांगतात, असं त्यात मी ठाम लिहिलं आहे. मला लेक्चररची जागा मिळाली आणि टाचण्या मारायचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं. पुढे माझंही लग्न झालं.

बहिणीच्या घरात वाईट म्हणावं असं काही घडलं नाही. मारहाण नाही, दारू नाही. मावशी म्हणाली होती तेवढंच. तो बाहेर बोलायचा आणि घरात आला की बोलणं दाराबाहेर काढून ठेवल्यासारखं गप्प. आठ आठ दिवस एक शब्द नाही. तिची सासू स्वतःशी बोलायची ते का, हे बहिणीला सहा महिन्यांत कळलं. पुढे गावात नवी पाइपलाइन आली, घरोघर बऱ्यापैकी पाणी यायला लागलं, आणि त्यानंतरच्या सोसायटीच्या निवडणुकीत लोकांनी सेक्रेटरींना घरी बसवलं. मुलालाही कुणी हाका मारीनासं झालं. मग तो बाहेरही गप्प झाला. एक नोकरी सुटली, दुसरी त्यानं सोडली. बहिणीनं भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ऑफिसचं काम धरलं. रविवारी ती आमच्याकडे यायची आणि दिवसभर बोलायची, काहीही, भाजीच्या दरापासून कारखान्यातल्या मांजरापर्यंत. निघायच्या वेळी तिचा घसा बसलेला असायचा. आई म्हणायची, किती बडबडते ही. मला मात्र तिची ती बडबड ऐकवत नसे.

अठ्ठ्याण्णव साली एका रविवारी ती सुटकेस घेऊन आली. बाबा तोवर गेले होते. आईनं सुटकेसकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा ठेवला. घराला रंग काढायचा होता, म्हणून मी माळ्यावरचं सामान उतरवत होतो. बहीण खाली उभी राहून एकेक वस्तू झेलत होती. गॅलरीसमोर आता गवत नव्हतं. सात मजली बिल्डिंग होती आणि समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. संध्याकाळी रातकिडा ऐकू आल्याला वर्षं झाली होती.

"अय्या, ही वही!" ती म्हणाली. फडक्यानं धूळ पुसून ती तिथेच जमिनीवर बसली. "दादा, तुझ्या त्या किड्यांचं शेवटी खरं काय निघालं रे? मी कधी विचारलंच नाही."

मी स्टुलावरून खाली उतरलो. इतक्या वर्षांत हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. "चुकलं होतं ते," मी म्हणालो. "ती भिंत गरम होती. मोटरमुळे. मला नंतर कळलं."

तिनं फडकं बाजूला ठेवलं. "नंतर कळलं म्हणजे?"

"तुझ्या साखरपुड्याच्या आधी. आठवडाभर."

"पण मी तर ते ऑक्टोबरातच लिहिलं होतं," ती म्हणाली. तिनं वही उघडली, वर्षानुवर्षं दुमडून राहिलेली उजवी कड नखानं सरळ केली आणि माझ्यापुढे धरली. तिचं बारीक, टायपिंगसारखं नीट अक्षर. 'भिंत गरम लागते, हात लावून पाहिला.' दोन पानं पुढे, 'इथल्या किड्यांना भात मिळतो, बाकीच्यांना नाही.' आणखी पुढे, दिवाळीनंतरचं, 'पाण्यासाठी थांबलेल्या बायका त्याच्यासमोर फार गोड बोलतात. तो गेला की एकमेकींकडे बघतात.' कुठे नक्षी नव्हती. एका पानावर फक्त नेलपॉलिशचा एक लाल थेंब वाळून बसला होता.

मी म्हणालो, "मी हा रकाना कधी वाचलाच नाही गं." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटलेली नाही.

ती पानं उलटत शेवटच्या पानावर आली, मी भिंतीला पाठ टेकली होती त्या संध्याकाळवर. त्या दिवशी एकच किडा होता. नंबर, वेळ, तापमान, सगळं भरलेलं. शेऱ्यात लिहिलं होतं, 'दादा, हा माणूस तुला खरंच बरा वाटतो का? घरात विचारता येत नाही, समोर बोलायचा धीर होत नाही. इथे खाली लिही.' त्याखाली तिनं तीन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या.

"आठ दिवस मी रोज सकाळी तू कामाला गेलास की वही उघडून बघायचे," ती म्हणाली. "तू काहीच लिहिलं नव्हतंस. शेवटी तोंडानंही विचारलं, तर नाही म्हणालास. मला वाटलं, दादानं वाचलंय. काही वावगं असतं तर त्यानं लिहिलं असतं."